पोरात रग नाही की चेंडूच पोचत नाही? गोल न होणाऱ्या फुटबॉल संघाची तपासणी

सामना संपल्यावर मैदानाच्या कडेला जे बोलणं होतं ते बहुतेक वेळा एकच असतं. चेंडू आपल्याकडे जास्त होता, चाली आपल्या जास्त झाल्या, कॉर्नर आपल्याला जास्त मिळाले आणि हरलो शून्य-एकनं. नाहीतर बरोबरी होऊन टायब्रेकरमध्ये गेलो. मग कुणीतरी म्हणतो, "पुढच्या पोरात रगच नाही." सगळे माना हलवतात. पुढच्या स्पर्धेला दुसरा पोरगा पुढे उभा राहतो आणि चार सामन्यांनी त्याच्याबद्दलही हेच बोललं जातं.

बेळगावात टिळकवाडीच्या लेले मैदानावर खेळणारे संघ असोत, कॅम्पातले असोत किंवा खानापूर-निपाणीकडून येणारे, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. स्ट्रायकर, म्हणजे सगळ्यात पुढे राहून गोल मारणारा, बदलला तरी तक्रार तीच राहत असेल, तर बिघाड एकट्या पोरात नाही. माझं मत असं, की आपल्याकडे बहुतेक स्ट्रायकर भित्रे जन्मत नाहीत, आपण त्यांना तसे करतो. चेंडू उशिरा देतो, एकटं पाडतो, आणि एक शॉट बाहेर गेला की अख्खं मैदान त्याच्या अंगावर जातं. त्यामुळे दुरुस्तीसुद्धा त्याच क्रमानं करायची: आधी चेंडू, मग जागा, मग शॉट आणि सगळ्यात शेवटी पोराचा स्वभाव. आपण नेमकं उलटं करतो.

आधी एक सामना नुसता बघा

संघातल्या, पण त्या दिवशी न खेळणाऱ्या एका माणसाला वही द्या आणि सांगा, चेंडूकडे बघायचं नाही, फक्त आपल्या स्ट्रायकरकडे बघायचं. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे, कारण डोळे आपोआप चेंडूमागे जातात. त्यानं चारच गोष्टी लिहायच्या. चेंडू डीमध्ये (गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकटीत) आला तेव्हा आपला पोरगा स्टॉपरच्या, म्हणजे समोरच्या मधल्या बचावपटूच्या, पुढे होता की मागे? त्याचा पहिला स्पर्श गोलच्या दिशेनं गेला की आपल्या हाफकडे? शॉट मारला तर कितव्या स्पर्शाला? आणि तो रिकाम्या जागेत पळाला पण चेंडू आलाच नाही, असं किती वेळा झालं?

मोबाइलवर शूटिंग करायचं असेल तर टच लाइनवरून करू नका. गोलच्या मागून, जरा उंचावरून करा. बाजूनं घेतलेल्या शूटिंगमध्ये तो स्टॉपरच्या पुढे होता की मागे हे कळत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

वही हातात आली की निम्मं भांडण संपतं. शेवटच्या प्रश्नापुढे आकडा मोठा असेल तर पोराला बोलायचं काही कारण नाही. तो धावतोय, आपण चेंडू देत नाही. पहिल्याच प्रश्नापुढे सारखं "मागे, मागे" असेल तर विषय जागेचा आहे. आणि चेंडू येतोय, जागाही बरोबर आहे, पण शॉट तिसऱ्या-चौथ्या स्पर्शाला जातोय, तर मात्र तुमचा संशय खरा, पोरगा मारायला कचरतोय.

चेंडू पोचत नसेल तर

आपल्या विंगरांना, म्हणजे कडेनं खेळणाऱ्यांना, कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत पळायची हौस फार. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, बाहेरून शिट्ट्या मिळाल्या आणि मग उंच क्रॉस टाकला. तोवर समोरची सगळी बचाव फळी डीमध्ये येऊन उभी असते. स्ट्रायकरनं पहिली धाव घेतलेली असते ती वाया जाते, तो थांबतो, आणि थांबलेला स्ट्रायकर दुरून बघणाऱ्याला आळशी वाटतो.

विंगरला एवढंच सांगा: पहिला माणूस सुटला की मान वर, आणि चेंडू जमिनीवरून मागे. म्हणजे गोल लाइनच्या जवळून पेनल्टीच्या ठिपक्याकडे. तिथे मारणाऱ्याचं तोंड गोलकडे असतं आणि स्टॉपरचं तोंड स्वतःच्या गोलकडे. साध्या भूमितीनं बघितलं तरी फरक कळतो. गोलची रुंदी ७.३२ मीटर. ११ मीटरवरच्या पेनल्टीच्या ठिपक्यावरून तो जेवढा उघडा दिसतो, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी डीच्या कोपऱ्यावरून दिसतो. तरी आपल्याकडचे निम्मे शॉट त्या कोपऱ्यातूनच जातात, कारण मधे यायला कुणी तयार नसतं.

मैदानाचाही विचार करा. आपली तांबडी माती पावसात चेंडू धरून ठेवते. जुलैत मागून मारलेला लाँग बॉल पडल्या जागी थांबतो आणि स्ट्रायकर त्याच्या पुढे निघून गेलेला असतो. फेब्रुवारीत तोच चेंडू टणक जमिनीवर उसळून थेट कीपरच्या हातात. पावसाळ्यात पायात पास आणि उन्हाळ्यात जमिनीवरून पास, एवढा बदल मधल्या फळीनं केला तरी पुढचा पोरगा अचानक चलाख वाटायला लागतो.

तो सारखा खाली येत असेल तर

पुढे चेंडू मिळत नाही म्हणून स्ट्रायकर मधल्या फळीत उतरतो, दोन छान पास देतो, लोक म्हणतात "काय खेळतोय!" आणि त्याला बरं वाटतं. मग चाल पुढे जाते तेव्हा डीमध्ये कुणीच नसतं. चांगले पाय असलेल्या पोरांना हा रोग जास्त लागतो, कारण खाली कौतुक मिळतं आणि वर लाथा.

त्याला रागावून उपयोग नाही. तो एकटा पडलाय का ते आधी बघा. त्याच्या आसपास हाक पोचेल एवढ्या अंतरावर आपला दुसरा माणूस नसेल तर तो खाली येणारच. मधल्या फळीतला एक जण त्याच्या मागे जवळ ठेवा आणि सरावाच्या सामन्यात चुन्यानं एक रेघ मारा. स्ट्रायकरनं त्या रेघेच्या खाली यायचं नाही. सुरुवातीला तो दहा-दहा मिनिटं चेंडूविना उभा राहील, वैतागेल. राहू दे. चेंडूविना वैतागायची सवय हीसुद्धा त्या जागेची गरज आहे.

ऑफसाइडची भीती हेही खाली येण्याचं मोठं कारण. स्थानिक स्पर्धेत लाइनमन कधी असतो, कधी नसतो, आणि दोनदा झेंडा वर गेला की पोरगा स्टॉपरच्या मागेच लपतो. नियम त्याला बसवून नीट समजावा. आपल्या हाफमध्ये ऑफसाइड नाही. समोरच्या संघातल्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या बरोबरीनं असलं तरी ऑफसाइड नाही. थ्रो, कॉर्नर आणि गोल किक यांवरून थेट चेंडू घेतला तर ऑफसाइड नाहीच. थ्रोची ही सवलत आपल्याकडे जवळपास कुणी वापरत नाही. थ्रो मिळाला की स्ट्रायकरनं बचाव फळीच्या मागे जाऊन उभं राहावं. स्टॉपर हात वर करून ओरडत बसेल, तोवर पुष्कळ काही होऊन जातं.

आणि धाव सरळ नको, वाकडी. आधी फळीला समांतर पळायचं, पास देणाऱ्याचा पाय मागे गेला की मग गोलकडे वळायचं. सरळ पळणारा दर वेळी अर्ध्या पावलानं पकडला जातो.

डीमध्ये येतो, पण मारत नाही

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण लोक ज्याला रग म्हणतात ती इथे दिसते किंवा दिसत नाही. चेंडू पायात येतो, गोल समोर असतो, आणि पोरगा एक स्पर्श जास्त घेतो. मग दुसऱ्या पायावर घ्यायला बघतो. मग बाजूला पास देतो. बाहेरून ओरड होते, "मार की रे!" पण तोवर स्टॉपरचा पाय आलेला असतो.

यामागे दोन कारणं असतात आणि त्यांचे उपाय वेगळे.

पहिलं कारण छोट्या मैदानाचं. आपली पोरं गल्लीत, शाळेच्या पटांगणात, सात-सात जणांच्या स्पर्धांत वाढतात. गोल लहान, जागा कमी, लांबून मारून उपयोग नाही, त्यामुळे कीपरलाही चकवून चेंडू आत ढकलायची सवय लागते. पाय त्यानं सुरेख होतात, ते खरं. पण मोठ्या मैदानावर तेवढा वेळ मिळत नाही. यावर उपाय सरावाचाच आहे. सरावाच्या सामन्यात नियम करा: डीमध्ये दोन स्पर्शांत मारलेला गोलच धरला जाईल. तिसऱ्या स्पर्शावर गोल झाला तरी चेंडू समोरच्या संघाला. आठवडाभर पोरं शिव्या घालतील, नंतर चेंडू येण्याआधीच मान वळवून गोल कुठे आहे ते बघायला लागतील. पहिला स्पर्श म्हणजे चेंडू थांबवणं नाही, शॉटसाठी मोकळ्या जागेत ढकलणं, हे तोंडानं सांगून कळत नाही, या नियमानं कळतं.

गोल मारायचा सराव रांगेत उभं राहून करणं बंद करा. एकेक जण येतो, थांबलेला चेंडू मारतो आणि परत रांगेत जातो, हा शॉटचा सराव झाला, स्ट्रायकरचा नव्हे. सामन्यात चेंडू कधीच थांबलेला नसतो आणि पाठीवर माणूस असतो. बाजूनं, मागून, उसळता, अर्धवट असे चेंडू टाका आणि मागून एक बचावपटू सोडा. १९७४च्या विश्वचषक अंतिम सामन्यात गेर्ड म्युलरनं पश्चिम जर्मनीचा दुसरा गोल केला तो आठवा. चेंडू त्याच्या मागे राहिला होता, शॉटही फार जोरात नव्हता. तो नुसता गर्रकन वळला आणि कुणाला कळायच्या आत मारून मोकळा झाला. ६२ आंतरराष्ट्रीय सामन्यांत ६८ गोल करणारा हा माणूस उंचापुरा नव्हता आणि चकवाचकवीसाठीही प्रसिद्ध नव्हता.

दुसरं कारण भीतीचं. ही भीती कीपरची नसते, आपलीच असते. चुकलेल्या शॉटनंतर मैदानावर काय होतं ते बघा. मधल्या फळीतला हात उडवतो, विंगर कमरेवर हात ठेवून उभा राहतो, कोच डोकं धरतो, बाहेर बसलेले काका पोराच्या सात पिढ्या काढतात. पास चुकला तर यातलं काही होत नाही. मग शहाणा पोरगा काय करेल? पासच देईल. सरावात मी एका पोराला विचारलं, "मारला का नाहीस रे?" तो म्हणाला, "दादा, बाहेर गेला असता तर?" बाहेर गेला असता तर गोल किक झाली असती, एवढंच. पण त्याच्या डोक्यात हिशेब वेगळा होता.

तेव्हा हिशेब बदला. संघात नियम ठेवा: डीमधून मारलेला शॉट कुठेही जाऊ दे, कुणी हात उडवायचा नाही. उडवला तर उडवणारा बाहेर. आणि समोर गोल असताना मारला नाही, तर मध्यंतरात शांतपणे तेवढ्याबद्दलच बोलायचं. पाहुणे मंडळींना, पालकांनाही हे सांगून ठेवा. स्पर्धेची बक्षिसाची रक्कम मोठी असली की हे पाळणं जड जातं, मान्य. पण पाळलं नाही तर वरचा सगळा सराव पाण्यात जातो.

आत्मविश्वास यावा म्हणून पेनल्टी त्यालाच द्या, असा सल्ला बरेच देतात. मला तो पटत नाही. पेनल्टी जो चांगली मारतो त्यानं मारावी. उभ्या चेंडूवरचा गोल खुल्या खेळातली भीड घालवत नाही, आणि हुकली तर आहे ती हिंमतही जाते.

उडालेल्या चेंडूवर कोण जातं?

एका गोष्टीत प्रतिभा लागत नाही, फक्त पाय लागतात. आपल्या संघातल्या कुणीही शॉट मारला की स्ट्रायकरनं कीपरकडे पळायचं. प्रत्येक वेळी. चेंडू कीपरच्या हातात जाणार हे दिसत असतानाही. पावसाळ्यात आपल्याकडे चेंडू चिखलानं बुळबुळीत झालेला असतो, कीपरचे हातमोजे भिजलेले असतात, समोर टप्पा पडला की चेंडू छातीवरून उडतो. तिथे कुणी असेल तर गोल, नाहीतर "थोडक्यात वाचले". दहापैकी नऊ वेळा ही धाव फुकट जाते आणि म्हणूनच बहुतेक जण ती घेत नाहीत. वही लिहिणाऱ्याला सांगा, गोल मोजण्याऐवजी या धावा मोज. धाव त्याच्या हातात आहे, गोल नाही.

बॅक पासवरही तेच. १९९२पासून संघातल्या खेळाडूनं मुद्दाम पायानं दिलेला चेंडू कीपरला हातात घेता येत नाही. आपल्या स्थानिक कीपरांपैकी किती जण पायानं निर्धास्त खेळतात? स्टॉपरनं कीपरकडे बघितलं की स्ट्रायकरनं सुटायचं. दोनदा असं झालं की स्टॉपर घाबरून चेंडू बाहेर मारायला लागतो. सामन्यात आपला दरारा गोल होण्याआधी असाही बसतो.

अंगाला अंग

काही पोरं मारायला कचरत नाहीत, पण स्टॉपरनं खांदा दिला की दोन पावलं बाजूला होतात. फाउल मागत पंचांकडे बघतात. त्यांना नियमाचं नीट ज्ञान नसतं. चेंडू खेळण्याच्या अंतरात असेल तर खांद्यानं जागा मिळवणं चालतं, चेंडू आणि माणूस यांच्या मधे अंग घालणंही चालतं. हातानं ढकलणं, धरणं, कोपर काढणं चालत नाही.

यासाठी वेगळ्या व्यायामशाळेची गरज नाही. आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती बघायला गेलात तर पैलवानाच्या पायांकडे बघा: गुडघे वाकलेले, कंबर खाली, समोरच्याचा जोर कुठून येतोय हे हातानं आधीच चाचपलेलं. चेंडू यायच्या आधी स्ट्रायकरनं असंच उभं राहायचं, आडवं, एक खांदा स्टॉपरच्या छातीला लागलेला. ताठ उभा राहिलेला मोठा पोरगाही हलतो, वाकलेला लहान पोरगा हलत नाही. सुनील छेत्रीची उंची सुमारे १७० सेंटिमीटर. तरी त्यानं हेडरनं पुष्कळ गोल केले, ते स्टॉपरच्या आधी जागा धरून आणि वेळेवर उडी मारून.

आरडाओरडा, पंचांशी हुज्जत, मागून लाथ म्हणजे रग नव्हे. त्यानं कार्डं मिळतात आणि मग एखाद्या सामन्यात तोच बाहेर बसतो. बोलायचं असेल तर चेंडू मागताना बोलावं. आपल्या संघांत मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी अशी सगळी पोरं असतात आणि गडबडीत चार भाषांत ओरड होते. दोन-तीन छोट्या हाका ठरवा, सगळ्यांना पाठ करायला लावा आणि पहिली हाक स्ट्रायकरची असू दे.

वरच्या पातळीवरही हेच दुखणं

हे बेळगावपुरतं आहे असं समजू नका. २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात पुढे खेळत होता. तीन सामन्यांत भारताचा गोल एकच झाला, कोलंबियाविरुद्ध, आणि तो कॉर्नरवर मधल्या फळीतल्या जॅक्सन सिंगनं हेडरनं केला. २०२४च्या जानेवारीत कतारमधल्या आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांविरुद्ध भारताला एकही गोल करता आला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये छेत्री भारताच्या संघातून निवृत्त झाला आणि मार्च २०२५मध्ये चाळिशीत त्याला परत बोलावावं लागलं. परतल्यावर पहिल्याच सामन्यात मालदीवविरुद्ध त्यानं गोल केला. इंडियन सुपर लीगचे संघ ती जागा बहुधा परदेशी खेळाडूला देतात. आपली पोरं विंगवर सरकतात आणि डीमध्ये गर्दीत मारायची सवय तिथे मोडते. गावपातळीवर निराळं काय होतं? दोन पैसे जमले की स्पर्धेपुरता गोव्याहून नाहीतर कोल्हापूरहून पाहुणा स्ट्रायकर आणतो आणि घरचा पोरगा पुन्हा बाजूला उभा राहतो. चषक येतो कधी कधी, पण पुढच्या जूनमध्ये तक्रार तीच.

एवढं करूनही फरक पडला नाही तर

दोन-अडीच महिने द्या. त्याच्या आत माणूस बदलू नका, आणि एका सामन्यात दोन संधी हुकल्या म्हणून मध्यंतरात तर मुळीच काढू नका. वहीतला बदल गोलआधी दिसतो: स्टॉपरच्या पुढे असण्याची संख्या वाढते, स्पर्श कमी होतात, कीपरकडच्या धावा वाढतात. हे वाढत असेल तर गोल मागून येतात.

वही जिथल्या तिथे राहिली तर मात्र तो पोरगा त्या जागेचा नाही, हे मान्य करा आणि त्याला विंगवर किंवा स्ट्रायकरच्या मागे खेळवा. तिथे तो सुखी होईल, संघही होईल. मग नवा स्ट्रायकर शोधायला बाहेर जाण्याआधी आपल्याच बचाव फळीकडे बघा. कॉर्नर मिळाला की न सांगता पुढे पळणारा, गर्दीत घुसून डोकं घालणारा, नाक फुटलं तरी हसत परत येणारा एखादा स्टॉपर किंवा बॅक बहुतेक संघांत असतोच. त्याचे पाय ओबडधोबड असतील, चकवणं जमत नसेल, पण दोन स्पर्शांत मारायला चकवणं लागत नाही. गावातल्या गावात मैत्रीचा सामना ठरवा, त्याला पूर्ण वेळ पुढे ठेवा, मागची जागा कोण सांभाळणार हे आधी ठरवून घ्या, आणि वही लिहिणाऱ्याला पुन्हा कडेला बसवा.